युद्धाच्या ठरावाची बैठकव्यवस्था

नगरपालिकेच्या सभागृहात सत्ताधारी डावीकडे आणि विरोधक उजवीकडे बसतात, हे शिपायाला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगायची वेळ आली नव्हती. सीमेवर युद्ध पेटलं आणि त्यावर ठराव करायचं ठरलं, त्या दिवशीही त्याने खुर्च्या तशाच मांडल्या.

पहिल्याच भाषणाला घोळ झाला. सत्ताधाऱ्यांतले मास्तर म्हणाले, "युद्ध थांबलं पाहिजे," आणि टाळी वाजवली ती विरोधकांतल्या कापड दुकानदाराने. दोघांची वीस वर्षं बोलचाल नव्हती. मास्तरांच्याच पक्षाचे डॉक्टर ताडकन उठून समोरच्या वकीलबाईंच्या शेजारी जाऊन बसले. कालपर्यंत त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"खुर्च्या मतांप्रमाणे लावा," अध्यक्षांनी फर्मावलं.

शिपायाने युद्धवाले एकीकडे, शांततावाले दुसरीकडे केले. पाचच मिनिटांत दुकानदार कुरकुरला, "माझी खुर्ची वेगळी ठेव. मास्तरांना शांतता तत्त्व म्हणून हवीय, मला धंदा बसतोय म्हणून." पलीकडे वकीलबाईंना शेवटपर्यंत लढायचं होतं, डॉक्टरांना निवडणुकीपर्यंत. दुपार टळेपर्यंत सभासद एकोणीस आणि गट वीस झाले, कारण उपाध्यक्षांना दोन ठिकाणी बसायचं होतं.

घामाघूम शिपाई भिंतीला टेकला, तेव्हा अध्यक्षांचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"मामा, तुम्ही साधी माणसं. तुम्हीच सांगा, तुमचं मत काय? तेच ठरावात घालू."

शिपायाने खिशातला फोन चाचपला. "साहेब, माझा धाकटा तिथेच आहे. नऊ दिवस झाले, फोन नाही. त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. मला एवढंच वाटतं, की..."

"थांबा," वकीलबाई हळुवारपणे म्हणाल्या. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "विषयात ज्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे, त्याला मत मांडता येत नाही."

वीसच्या वीस गटांनी माना डोलावल्या. दिवसभरातलं ते पहिलं एकमत.

"मनाला लावून घेऊ नका, मामा," म्हणत मास्तरांनी त्याला खांद्याला धरून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. आपल्या घरचं कुणीही युद्धावर नाही, असं प्रत्येक सभासदाने लेखी दिलं आणि चर्चा निर्धास्तपणे पुन्हा सुरू झाली. प्रेक्षकांच्या सज्जातून कडाडून टाळ्या पडल्या. तिथेही सगळेच्या सगळे मत मांडायला पात्र होते.