गोजरा भोईण तळे पोहून गेली आणि सरकारच्या फोनात जागा जाहली, त्याची हकीकत

श्रीतळेश्वर साक्ष. ज्याने पाण्यास काठ दिला आणि काठास माणसे दिली त्यास पहिले नमन, आणि ज्या राज्याचे मीठ खाऊन ही लेखणी चालते त्यास दुसरे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण शुद्ध पक्षी जे घडले ते सेवकाने नावेत बसून डोळां पाहिले आणि पोटात ढवळत असताही ध्यानी ठेविले, ते लिहितो. वाचणाऱ्याने कमी वाटेल तेथे पदरची भर घालू नये आणि जास्त वाटेल तेथे हसू नये.

राज्य लहान. घोडा सकाळी सोडिला तर दुपारच्या जेवणास सरहद्दीबाहेर जातो, म्हणोन घोडे बांधूनच ठेवितात. परंतु अभिमान थोर, आणि तो कोठेही बांधिलेला नाही. राज्याचे पूर्वेस मोठे तळे, तळ्यापलीकडे पैलतीरकरांचे राज्य, आणि मध्ये बेटावर तळेश्वराचे देऊळ. पूर्वापार रीत ऐसी की, श्रावण शुद्ध चतुर्दशीस ज्या राज्याचे माणूस या काठाहून त्या काठास हातापायांनी पाणी कापून जाईल, त्या राज्याने पौर्णिमेस देवाच्या पालखीस पहिला खांदा द्यावा. हा मान अकरा वर्षे पैलतीरकरांकडे होता आणि आमचे लोक दर वर्षी मागच्या दांडीस हात लावून 'आम्हीही आहोत' म्हणत होते. मग गेल्या साली गोजरा भोईण उठली. वय चाळीस, अंग काटक, तीन लेकरांची आई. गणपतीचे विसर्जनास काठावर अडकलेल्या मूर्ती पोहत खोल पाण्यात नेणे हे तिचे वंशपरंपरेचे काम. ती पाण्यात शिरली आणि पाऊस ऐसा उतरला की काठावरून हाताचे बोट दिसेना, आणि दोन तासांनी ती पैलतीरी निघाली. तेव्हा पैलतीरकरांचा वकील रुद्राजीपंत छत्रीखालून बोलिला की, "बाई नावेत बसून आली. पाहिले कोणी?" पाहिले होते तिच्यामागे नावेत असलेल्या आमच्याच चौघांनी, आणि आमच्या चौघांची साक्ष त्यांचे दरबारी चालेना. मान गेला तो गेलाच, वर गोजरेस खोटारडी हे नाव पडले. बाजारात पोरे तिला पाहून वल्हे मारल्याचा आव आणीत. हे राज्यास फार लागले. तिला किती लागले ते पुढे येईल.

मग यंदा दोहों राज्यांत तह जाहला, त्याचे कलम एकच. पोहणाराचे राज्याच्या राजाने खासा स्वतःचे हातातील फोनावर आरंभापासून अखेरपर्यंत चित्रण करावे, मध्ये क्षणभर तुटल्यास पोहणे रद्द. दोन्ही मोहोरा उमटल्या. महाराज संतोषाने म्हणाले की, "फोनाची चिंता करू नका. आमचा फोन दोनशे छप्पन आहे." हे महाराज नेहमी म्हणत. पाहुणा आला तरी म्हणत, हवापाण्याची गोष्ट निघाली तरी म्हणत. आकडा फोनाचे खोक्यावर छापिला होता आणि ते खोके देवघरात हळदकुंकू लावून ठेविले होते. दोनशे छप्पन म्हणजे दोनशे छप्पन जीबी, आणि जीबी म्हणजे या पेटीतली खंडी समजावी. परंतु त्या कोठारात भरले किती आणि उरले किती हे आजवर कोणी मोजिले नव्हते, कारण जे खोक्यावर छापिले ते मोजणे म्हणजे सरकारच्या शब्दावर संशय घेणे, आणि तेवढे धैर्य आमच्या दरबारात कोणास असते तर पालखीचा मान बारा वर्षे का गेला असता?

त्रयोदशीस सकाळी येसाजी फोनबरदार, ज्याकडे सरकारचा फोन उचलून धरण्याची नोकरी आहे, याने बदकांचे चित्रण करून रंगीत तालीम केली. नववे मिनिटास चित्रण आपोआप थांबले आणि पडद्यावर अक्षरे आली की, साठवणीस जागा पुरेशी नाही. येसाजीस घाम फुटला. त्याने विसाजीपंत कारभाऱ्यांचे कानी घातले, कारभारी धीर करून महाराजांपुढे गेले आणि म्हणाले, "महाराज, अपराध पोटात घाला, पण एकदा मोजणी करावी." महाराजांचा चेहरा पडला, परंतु तहाचे कलम आठवले आणि ते म्हणाले, "मोजा. सगळ्यांसमोर मोजा." मग दरबार भरला, फोन चौरंगावर ठेविला, आणि येसाजीने सेटिंग नामे दरवाजा उघडिला, तेथून खाली खाली सरकत साठवण नामे कोठी गाठिली, तिला बोट लाविले, तो रंगीत पट्टी उमटली आणि तीवर लिहिले होते, एकूण दोनशे छप्पन. "पाहा!" महाराज गर्जले, "आमचा शब्द खोटा निघाला काय?" आणि नगारा वाजविण्याची आज्ञा जाहली आणि नगारा वाजला. मग येसाजीने त्याखालची ओळ वाचिली. शिल्लक, दोन. नगारा थांबला.

आता भरले काय होते ते ऐकावे. राज्यात चाल ऐसी की, प्रजेतील प्रत्येक घराने सूर्योदयास महाराजांस देवाची तसबीर आणि शुभ सकाळ पाठवावी. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, आणि मध्ये मध्ये हलत्या ज्योतीच्या वाजत्या आरत्या. सेवक स्वतः दररोज सात पाठवीत असे, हे लपवीत नाही. एकच मारुती तीनशे घरांतून तीनशे वेळा येई. महाराज प्रत्येकास हात जोडीत आणि एकही पुसत नसत, कारण देवाची तसबीर पुसावी कशी, आणि प्रजेचा भाव तरी पुसावा कसा? ऐसे पाच वर्षे चालले. विसाजीपंत म्हणाले, "तसबिरी दफ्तरातील संगणकात न्याव्या." तर त्याची वायर उंदरांनी कुरतडलेली. येसाजी म्हणाला, "जादा कार्ड घालावे." तर या फोनास कार्डाची खाच नाही, बिनखाचेचा फोन अधिक खानदानी दिसतो म्हणोन महाराजांनी तोच पसंत केला होता. तेव्हा महाराज सुस्कारून म्हणाले, "मग आमचे दसऱ्याचे दोन तासांचे भाषण काढा." "नको, महाराज, नको!" ऐसा सर्व दरबार एकमुखाने कळवळला, परंतु तोवर येसाजीचे बोट पडून गेले होते. भाषण गेले तरी शिल्लक फारशी वाढली नाही, याचे कारण पुढे कळेल. ते कोणास आठवतही नव्हते, हा भाग निराळा.

मग धोंडभट उपाध्ये यांस बोलाविले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितले की, "पुसणे पाप आहे, पण विसर्जन पाप नाही. गणपतीस दहा दिवस पुजून पाण्यात सोडितो, तेथे कोणी म्हणतो काय की देव बुडविला?" हे सर्वांस मानवले. लागलीच फोनाभोवती रांगोळी काढिली, उत्तरपूजा बांधिली, दहीभाताचा नैवेद्य दाखविला, अक्षता टाकिल्या, आणि पुन्हा यावे ऐसे म्हणोन येसाजी आणि तिघे कारकून अंगठे झिजवीत बसले. दुपारी सुरू केले ते दिवेलागणीस संपले. मग महाराज म्हणाले, "मोजा." पुन्हा सेटिंग, पुन्हा साठवण, आणि शिल्लक पाहतात तो तीन. फक्त तीन! येसाजी रडकुंडीस येऊन खाली सरकला आणि म्हणाला, "महाराज, काढलेले सगळे अजून आतच आहे. तीस दिवस ते कचरापेटीत राहते."

"कशात?" धोंडभट उठून उभे राहिले. "माझ्या हातून उत्तरपूजा करवून देव कचरापेटीत घातले? आधी ते परत काढा! आणि त्या पेटीला मी बोट लावणार नाही, येसाजी लावील तर त्याच्या घरी श्राद्ध करणार नाही!" येसाजीने हात मागे घेतला, कारकुनांनी घेतला, विसाजीपंतांनी तर कमरेमागे बांधिला. महाराज खासा पुढे सरले आणि बोट पडद्यावर नेऊन थबकले, कारण वरच्याच तसबिरीत त्यांचे कुलदैवत त्यांजकडे पाहत होते.

तेव्हा दाराशी गोजरा उभी होती. उद्या पाण्यात शिरायचे की नाही एवढे विचारावयास ती आली होती आणि मघापासून ऐकत होती. ती पुढे आली, लवून मुजरा केला आणि म्हणाली, "सरकार, एक बोलू का? इसर्जनाच्या दिशी मूर्त्या सोडून लोक घरी जात्यात. अर्ध्या मूर्त्या काठालाच ऱ्हात्यात. चिखलात, निर्माल्यात, पायदळी. मंग म्या उतरते आन एकेक उराशी धरून खोल पान्यात न्हेते. त्ये माझं कामच हाय. माझ्या आज्ज्याचं व्हतं, बापाचं व्हतं. हितं बी द्येव काठाला अडकल्यात, एवढंच झालंय. कचरापेटी म्हना न्हाय तर काठ म्हना. न्हेऊ का आत?"

धोंडभट पुन्हा खाली बसले. महाराज म्हणाले, "ने." परंतु ती लगेच हलली नाही. म्हणाली, "आन सरकार, उद्या फोन बंद पडला तर मला कुनी काय म्हनंल त्याचं मला काय न्हाई. पन माझी धाकटी परवा इचारत व्हती, आये, तू खरंच पवलीस का नावंत बसलीस? पोटच्या पोरीला मी काय दाखवू?" ऐसे म्हणोन तिने डोळे पुसले, ओले हात लुगड्यास कोरडे केले, चौरंगापुढे बसली, फोनास नमस्कार केला आणि येसाजीने दाखविले तेथे बोट टेकविले. पेटी रिकामी जाहली. मोजणी केली तो शिल्लक एकशे एकवीस. नगाऱ्यास कोणी सांगितले नव्हते तरी वाजला, आणि धोंडभटांनी तिला स्वतःचे हाताने प्रसाद दिला.

चतुर्दशीस सकाळी गोजरा पाण्यात शिरली आणि महाराज नावेत फोन उजवे हाती धरून उभे राहिले. येसाजीने फोन आणि तसबिरी यावयाची वाट आधीच बंद केली होती, नाहीतर त्या दिवशीचे शुभ सकाळ मध्ये आले असते. पहिला तास सुखाचा गेला. सेवकाचा सोडून, कारण सेवकास नाव सोसत नाही. मग बेट मागे पडल्यावर पाणवेलींचे जाळे लागले आणि गोजरेचा पाय त्यात गुंतला. ती एकदा खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. महाराजांचे भान सुटले, ते गुडघ्यावर बसले आणि डावा हात पाण्यात घालून ओरडले, "गोजरे, हात दे! खड्ड्यात जावो तो मान!" आणि फोन कलू लागला. तेव्हा तिने पाण्यातून डोके वर काढून ऐसी हाक दिली की बेटावरचे बगळे उडाले. "हात नगा देऊ, सरकार! फोन धरा!" आणि तिने बुडी मारिली. सेवकाने मनात वीस मोजिले. त्या विसांत महाराजांनी फोन पाण्यावरून हलू दिला नाही. मग वेल तुटून वर आली आणि तिच्यामागे गोजरा आली, आणि काठ येईतो पुन्हा थांबली नाही. एकूण एक तास बावन्न मिनिटे, सलग. महाराजांचा हात ऐसा आखडला की तो खाली आणावयास दोघे लागले.

मग सर्वजण नावांतून बेटावर आले आणि रुद्राजीपंत वकिलाने देवळाचे ओटीवर बसून सारे चित्रण पाहिले. कोठे पुढे सरकवू म्हणेल तर महाराज सरकवू देईनात. पाणवेलींचा प्रसंग आला, ती हाक आली, ते वीस गेले, आणि वकिलाने पगडी काढून मांडीवर ठेविली. शेवट जाहला तेव्हा तो उठून गोजरेपाशी गेला आणि म्हणाला, "बाई, गेल्या साली मी पाप बोललो." गोजरा म्हणाली, "बोलला खरं. आता माझ्या पोरीला सांगा." आणि त्याने सर्व जत्रेसमोर त्या लहान पोरीस हात जोडून सांगितले. पौर्णिमेस पालखीचा पहिला खांदा महाराजांचा म्हणोन ठरला होता, तो त्यांनी पुढे होऊन सोडिला आणि म्हणाले, "गोजराबाई, तुम्ही या." आजवर ज्यांनी तिला अगे-तुगे केले त्या मुखातून हा शब्द ऐकून सेवकाचे डोळे भरले, आणि याचे कारण नाव नव्हे.

तात्पर्य येणेप्रमाणे. राज्यात आता ऐसा हुकूम आहे की, सकाळी आलेली तसबीर हात जोडून पाहावी आणि सायंकाळी विसर्जन करून खोल पाण्यात न्यावी, काठाला ठेवू नये. महाराज महिन्याचे पहिले दिवशी मोजणी स्वतः करितात. फोन किती मोठा ऐसे कोणी पुसले तर आता आकडा सांगत नाहीत. "गोजराबाईंचे पोहणे मावते एवढा," म्हणतात. तिची लेकरे दर रविवारी राजवाड्यावर येऊन ते चित्रण आरंभापासून पाहतात, एक तास बावन्न मिनिटे जागची हलत नाहीत, आणि पाणवेली आल्या की पडद्यातली आई तोंड उघडण्याआधीच धाकटी ओरडते, "फोन धरा!" महाराज तो दोन्ही हातांनी धरितात. लेखणी येथे ठेविली.