भालोजी अस्वलाचा न दिसणारा नळ

एका जंगलात, बाळांनो, भालोजी नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. ठरत आलं होतं, म्हणजे अजून ठरलं नव्हतं. विहीणबाई घर बघायला यायच्या होत्या आणि रुसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागची एक सोयरीक त्यांनी चहा पांचट निघाला म्हणून मोडली होती.

भालोजीनं ठरवलं, गुहेत शॉवर लावायचा. तोही भिंतीच्या आत नळ असतो तसला. त्यानं साळिंदराला बोलावलं.

"हे बघ, नळ दिसता कामा नये. शहरात असंच असतं म्हणे."

"दिसला तर काटे काढून ठेवीन, मालक!"

भिंत अख्ख्या काळ्या दगडाची होती. पलीकडे घोरपडकाकू राहायच्या. एका मोहाच्या झाडावरून भालोजीचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं.

साळिंदरानं छिन्नी लावली. चार बोटं खोल खाच पुरे होती. पण साळिंदराच्या कुळात बिळाला दोन तोंडं ठेवायची रीत. खोदायला लागलं की आरपार निघाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ते पलीकडे काकूंच्या घरात निघालं, तिथेच नळ बसवला आणि इकडे येऊन छान गुळगुळीत फरशी लावून टाकली.

"नळ कुठाय रे?" भालोजीनं विचारलं.

"दिसतोय का?"

"नाही."

"मग झालं तर!" म्हणून साळिंदर गेलंसुद्धा.

भालोजीनं सगळी भिंत चाचपली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. विहीणबाई तर दारात येऊन ठेपल्या होत्या. अभिमान गिळून तो पलीकडे धावला.

"काकू, तेवढा आमचा नळ सोडाल का?"

"माझ्या घरातला नळ तुमचा कसा हो?"

"पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, काकू."

काकू विरघळल्या, पण निम्म्याच. "अर्धा मोह माझा."

"दिला!"

विहीणबाई न्हाणीघरात शिरल्या. "अहो, इथं नळच नाही!"

"नुसतं मोठ्यानं म्हणायचं, विहीणबाई," भालोजी दाराबाहेरून म्हणाला.

"गरम!" गरम पाणी आलं. "अगं बाई, कोमट!" कोमट आलं. "बास!" थांबलं.

विहीणबाई बाहेर आल्या त्या हसतच. "आमच्याकडे अजून हातानं नळ फिरवतात हो. लग्न पक्कं! फक्त रुखवतात अस्साच नळ द्या."

भालोजीला आनंदानं रडू आलं. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "मग मोह सगळा माझा!"

"भिंत बोलतेसुद्धा?" विहीणबाई हरखून म्हणाल्या. "मग तीही द्या!"

तात्पर्य : अबोला धरलेल्या शेजाऱ्याची माफी मागत बसू नये, सरळ भिंत फोडावी. आणि काम कितीही बिघडलं, तरी विहीणबाईंची आंघोळ होईपर्यंत कारागिराला शिव्या देऊ नयेत.