बोललं का, ताई?

रज्जाकभाईंनी आजवर किती कम्प्युटर जोडले हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल. पण त्यातल्या एकाचंही चालू करायचं बटण त्यांनी स्वतः दाबलेलं नाही. शेवटचा स्क्रू बसला की हे उठतात, बाहेर जातात, दाराकडे पाठ करून उभे राहतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, "दाबा तुमी. अन् मले सांगा, बोललं का?"

बोलणं म्हणजे बारीकसा 'टीं'. मशीन धडधाकट असलं तर चालू होताना तेवढा एकदाच वाजतो. हल्लीच्या बोर्डांसोबत हा भोंगा येत नाही, तर हा बाबा पदरचा टिकलीएवढा भोंगा प्रत्येक मशीनला लावतो. "मुकं मशीन मी कोणाच्या घरात ठेवत नसतो," म्हणतात. वाशीमला एकदा वकीलसाहेब कोर्टात गेलेले, तर यांनी त्यांच्या म्हाताऱ्या आईकडून बटण दाबून घेतलं. म्हातारी थरथरत रामराम म्हणत होती, आणि बाहेर ओट्यावर रज्जाकभाई तिच्यापेक्षा जास्त घाबरलेले.

मला तेव्हा याचं फार हसू यायचं. हसू कुठं गेलं ते सांगते.

शिरपूरला घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकायचं मी ठरवलं. रज्जाकभाई जोडणीला यायचे त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटायचा होता, अर्ध्या गावाला चहाचं आवतण गेलेलं. सासऱ्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "उद्या चाललं त ठीक. नाई त परवापासून इथं ढोरांच्या कुटाराची पोती." ते बोलले की बोलले. तेव्हापासून माझ्या डोळ्यापुढं पोतीच येत होती.

रज्जाकभाई सामान घेऊन आले. आल्याबरोबर सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या, पंखा बंद केला. "अंगातली बिजली उतरवा," म्हणून सासऱ्यांना खिडकीचा गज धरून उभं केलं. जेलात टाकल्यासारखे ते उभे, आणि माझ्याकडे बघण्याची नजर अशी, की बाई, तुझी आता खैर नाही.

जोडणी झाली. भाई बाहेर गेले. मी बटण दाबलं.

टींऽऽऽ. टींऽऽऽ. टींऽऽऽ. थांबायचं नावच नाही. पडदा काळाकुट्ट.

"रॅम," बाहेरून पडलेला आवाज आला. "रॅम सापडून नाई राह्यली त्याले."

रॅम म्हणजे वीतभरही नसलेली पट्टी, भाईंच्या भाषेत कांडी. ती नीट बसली नाही तर मशीन पुढं सरकतच नाही. भाई आत आले, कांडी काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासले, पुन्हा लावली आणि बाहेर गेले. तेच रडगाणं. दुसरी कांडी लावली, जागा बदलली, बोर्डाचा सेल काढून बसवला. तेच. ज्या माणसाची बोटं डोळे मिटून काम करायची, त्याच्या हातून आज कांडी दोनदा खाली पडली. आणि खिशातला फोन सारखा वाजतोय, तर हा माणूस तिकडे बघायला तयार नाही.

माझं डोकंच सटकलं. "भाई, फोन तरी घ्या! का त्याचीबी रॅम गेली?"

ते मटकन खाली बसले. "माही पोरगी मुन्नी दवाखान्यात आहे, ताई. बाळंतपणाले. सकाळपासून."

"अगं माय! मंग तुमी इथं काहून?"

"म्हणूनच त इथं." मग खाली बघतच सांगत राहिले. "पहिलं पोरगं झालं तवा मी दाराबाहेर उभा होतो. आमच्यात लेकराच्या कानात बापानं अजान द्याची असते. अजान ओठावर घेऊन उभा होतो, ताई. आतून आवाजच नाई आला. मुन्नीच्या वक्ताले मी अकोल्याले पळून गेलो. ती खणखणीत रडली, तिच्या मामूनं अजान देली, सारं चांगलं झालं. मी जवळ उभा असलो का बोलत नाई."

कुटार, पोती, नारळ, सगळं विसरले. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. भाईंनी तो माझ्या हातात दिला, बाहेर गेले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले.

का कोण जाणे, मीही खिडकीचा गज धरला. सासरे होतेच शेजारी. फोन कानाला लावला, "मी ताई बोलते" म्हटलं, तर नुसती खरखर. कोणी बोलेना. देवा रे, म्हटलं, आता या माणसाला मी काय सांगू?

"बोललं का, ताई?" बाहेरून आवाज आला, अगदी बारीक.

आणि मग ते रडणं आलं. मी झटकन स्पीकर लावला, तर सगळी खोली त्या रडण्यानं भरली. मागून भाईंच्या बायकोचा, भाभींचा आवाज, "लडकी झाली, ताई! त्यायले धाडा लवकर. मुन्नी कोणाले अजान देऊ देत नाई. म्हणते, लेकराचे नानाच देतीन."

भाईंनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला आणि धावतच गाडीकडे गेले. पायात एक चप्पल स्वतःची, एक सासऱ्यांची. गाडीवरून ओरडले, "कांडी दाबा ताई, दोन्हीकडून टक् वाजेपावतर! भेऊ नका!"

भेऊ नका म्हणे! हिंमत गोळा व्हायला मला तास लागला. मग कांडी बसवली, अंगठ्यांनी जीव खाऊन दाबली. टक्. दुसरीकडून टक्. पण बटणापाशी हात जाईना. शेवटी सासऱ्यांना म्हटलं, "तुमी दाबा," आणि मी बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभी राहिले.

टीं. एकच.

"बोललं वं, बोललं!" सासरे आतून ओरडले.

मी धावत भाईंना फोन लावला. उचलला भाभींनी. "थांबा ताई," त्या कुजबुजल्या, "अजान देऊन राह्यले ते."

त्यांच्यामागून भाईंचा आवाज येत होता. हळू, कापरा, मधेच अडायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला मशीनचं सांगायचं होतं. पण मी फोन कानाला घट्ट धरून ओट्यावर ऐकत उभी राहिले.