विलो पार्लमेंटची निवडक गाणी

ती रेकॉर्ड मी घेतली ती निव्वळ ग्रॅहमच्या नाकावर टिच्चून. केटरिंगच्या पाणीपुरवठा कचेरीत तो माझ्या शेजारी बसतो, आणि पंचाहत्तर सालचा अख्खा उन्हाळा त्यानं 'विलो पार्लमेंट' या बँडची महती गाण्यात घालवला. एकेक गाणं म्हणे वीस-वीस मिनिटांचं! शेवटी मी त्यांच्या निवडक गाण्यांची एलपी घरी आणली. (सगळं ऐकण्यापेक्षा निवडक बरं. माझं शिक्षणही असंच झालंय.)

पहिल्याच दिवशी मी वेडा झालो. बासरी नुसती पाखरासारखी भिरभिरत होती. वीस मिनिटांचं गाणं पंधरातच संपलं. (ग्रॅहमला वाढवून सांगायची सवयच आहे.) आणि गाणारी बाई! काय तिचा कोवळा, बारीक आवाज!

"अशी गायिका इंग्लंडात दुसरी नाही," मी बायकोला म्हणालो. डोरीननं विणकामात तोंड लपवलं. मला वाटलं, जळली.

महिन्याभरानं मात्र घरात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटू लागलं. संध्याकाळी यावं, तर रेकॉर्ड पाकिटात उलटी. माझ्या खुर्चीवर बिस्किटाचा चुरा.

"डोरीन, माझी रेकॉर्ड कुणी लावली?"

"मी कशाला लावू? मला मेलीला त्यातलं काय कळतंय?" ती गोड आवाजात म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली. हा आवाज मी शेवटचा ऐकला तो लग्नातच. संशय पक्का झाला.

आणि संशय कुणाचा? कोपऱ्यावरच्या खाटकाचा, ऑर्मरॉडचा! चर्चमध्ये खर्ज लावतो, आणि डोरीनला मटण देताना काट्याकडे बघतसुद्धा नाही.

गुरुवारी पोटदुखीचं निमित्त काढून दुपारीच घरी आलो. मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्याआड उभा राहिलो. आतून आवाज आला. पुरुषाचा! जाड, संथ.

"ये... जवळ ये... आता कुणी नाही..."

छत्री उगारून मी आत घुसलो. "कुठाय तो?"

डोरीन स्टुलावर पाय टाकून एकटीच चहा पीत बसली होती. "कोण?"

"तो! गाणारा!"

"हा काय." तिनं रेकॉर्डकडे बोट दाखवलं. तबकडी आरामात फिरत होती. "दाढीवाला आहे तो. पाकिटावर फोटो आहे. तू पंचेचाळीसच्या वेगानं लावतोस, विल्फ. ही तेहतीसची आहे. जोरात फिरवली की बाप्याचा आवाजही बाईसारखा बारीक होतो."

माझी छत्री खाली आली. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू किती खुशीत होतास! ऐकून झालं की बटण मी पुन्हा पंचेचाळीसवर ठेवायचे." तिनं माझा कोट काढून घेतला. "बस आता. बासरी येईल."

बसलो. बासरी आली ती पुलाखालच्या पाण्यासारखी, कसलीही घाई नसलेली. डोरीन डोळे मिटून ऐकत होती. इतकं सुंदर काही आपल्या घरात महिनाभर वाजत होतं आणि आपल्याला पत्ता नाही! मला भरून आलं. गाणं संपल्यावर मी तिचा हात हातात घेतला.

"डोरीन, खरं सांगू? मला त्या बाईची आठवण येतेय."

तिनं हात सोडवून घेतला. "चौदा वर्षांत माझी आठवण आली होती कधी?"

जी बाई जन्मालाच आली नव्हती, तिच्यापायी मी तीन दिवस सोफ्यावर झोपलो.