नानांच्या वहीतले हात

धुळ्याला नानांच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळतं, मग पेन्सिल येते आणि मग चहा. मधल्या पेन्सिलीचं काम असं, की जुन्या कॅलेंडरचं पान टीपॉयवर पालथं घालायचं, त्यावर पाहुण्याने उजवा पंजा पसरायचा आणि नानांनी बोटांच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. मूठ वळल्यावर अंगठा कुठवर पोचतो, त्याची वेगळी खूण. खाली नाव आणि एक शेरा. शेरा ते कोणाला दाखवत नाहीत. मग ते पान एका जाडजूड वहीत डकवलं जातं.

गॅसची टाकी आणणारा, विमा विकायला आलेला, मुलीचं स्थळ घेऊन आलेले लोक, सगळ्यांचे पंजे त्या वहीत आहेत. एकदा मतं मागायला एक उमेदवार आला. त्याला वाटलं, नाना हात पाहून भविष्य सांगतात. त्याने अगदी भक्तिभावाने दोन्ही हात पुढे केले. नाना म्हणाले, एकच पुरे.

नाना म्हणजे माझ्या बायकोचे काका. फौजेत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, सांभाळणारे. घरी येऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण काम सुटलं नाही, फक्त हत्यारं बदलली. आता ते मिक्सर, छत्री, टॉर्च आणि जावई तपासतात. कुठलीही वस्तू समोर आली, की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "उघडस का? साफ व्हस का? परत बसस का?" म्हणजे, उघडते का, साफ होते का आणि पुन्हा जागेवर बसते का. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याबद्दलही त्यांनी हेच विचारलं होतं, असं बायको सांगते. काय उत्तर दिलं गेलं, ते सांगत नाही.

प्रश्नांनंतर परीक्षा. कमरेच्या उंचीवरून, फरशीवर, तीन अंगांनी वस्तू पाडायची. दोन वर्षांपूर्वी मी नवा मोबाइल घेतला आणि कौतुकाने नानांच्या हातात दिला. ही चूक जळगावचा भूगोलाचा मास्तरच करू शकतो. पहिल्या अंगाला मोबाइल वाचला. दुसऱ्या अंगाला काचेवर तापीचं खोरं उमटलं, सगळ्या उपनद्यांसकट. नानांनी तो शांतपणे उचलून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बरं व्हयनं, घरमाच समजनं."

घरातच कळलं, बरं झालं. हे त्यांचं पालुपद. कुकरची शिट्टी उडाली, घरमाच समजनं. छत्री उलटी झाली, घरमाच समजनं. भाचीचं ठरलेलं लग्न साखरपुड्यात मोडलं, तेव्हा सगळे रडत होते आणि नाना एकटेच समाधानाने पेढा खात होते.

तेलाबाबत त्यांचा स्वभाव आम्हा कोणालाच समजला नाही. शेवभाजीवर बोटभर तर्री नसली, तर काकूंना ताट परत जातं. पण शिलाई मशीनला काकूंनी दोन थेंब जास्त घातले, की आठ दिवस अबोला. तेलावर धूळ बसते, धुळीचा खरकागद होतो आणि खरकागद लोखंड खातो, हे ते हात धुता धुतासुद्धा सांगतात. "तर्री ताटमा. बंदूकमा नही."

आणि पिस्तुलाची गोष्ट. ती तर आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेइतकी पाठ आहे. नाना तरुण असताना त्यांच्याकडे एका पिस्तुलाची चाचणी आली होती. फौजेला कमरेचं हत्यार निवडायचं म्हणजे नेम किती बारीक ते पुढचं. आधी ते अडकायला नको. म्हणून नानांनी ते रेतीत पुरलं, चिखलात लोळवलं, रात्रभर पाण्यात ठेवलं, पक्क्या ओट्यावर पाडलं आणि दर वेळी काढून चालवून पाहिलं. सुटे भाग कमी, उघडायला अवजार लागत नाही, मॅगझिनची कड वाकत नाही. ते पिस्तूल एकदाही अडकलं नाही. "मी लिहून दिलं," नाना सांगायचे, "टिकाऊ. भरवशाचं. पास." इथे गोष्ट संपायची आणि नाना पाणी प्यायला उठायचे. दर वेळी. मी याचा अर्थ शेवभाजी तिखट होती असा लावत आलो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची लेक केतकी सुट्टीवर आली. ती फौजेत कॅप्टन आहे. माझ्या घरात कॅप्टन कशी निपजली, हे मला अजून कळलेलं नाही. मी पाल दिसली तर बायकोला हाक मारतो. आम्ही तिघं धुळ्याला गेलो. खापरावरचे मांडे आणि आमरस झाल्यावर केतकी सहज बोलावं तसं बोलली. नवी पिस्तुलं येणार होती. ती हाताळून मत द्यायला काही जणांची निवड झाली होती आणि त्यात तिचं नाव होतं. तिचं मत कागदावर जाणार होतं आणि त्या कागदावरून कोणाच्या तरी कमरेला ते पिस्तूल लागणार होतं.

"नाना, मी काय काय पाहू, सांगा मला," ती म्हणाली.

मला वाटलं, आता रेती, चिखल, पाणी सुरू होणार. मी तक्क्याला नीट टेकून बसलो. पण नाना पाणी प्यायला उठले. मग म्हणाले, दोन दिवस दे.

ते दोन दिवस घर चमत्कारिक झालं. नानांनी काही पाडलं नाही, काही उघडलं नाही. शेजारचे आबा नवीन टॉर्च घेऊन आले, तो नानांनी नुसताच पाहून परत दिला. आबा हिरमुसून गेले. काकू माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, यांचं काहीतरी बिनसलंय, काल कुकरचं झाकण पडलं तर कोणत्या अंगावर पडलं हेसुद्धा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, केतकी बॅग भरत असताना, नाना ती जाडजूड वही घेऊन बाहेर आले आणि खाटेवर बसले. महत्त्वाचं बोलायचं असलं, की नाना अहिराणी सोडतात आणि रिपोर्ट लिहिल्यासारखी मराठी बोलतात. त्या दिवशी ते तसं बोलले.

"रेती, पाणी, चिखल हे सगळं तिथले लोक करतील. माझ्यापेक्षा चांगलं करतील. तू हे बघ." वही त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

केतकीने मधूनच उघडली. आम्ही दोघं तिच्या खांद्यावरून वाकलो. गॅसवाल्याच्या पंजाखाली लिहिलं होतं, "जाड बोटं. हातमोजा घातल्यासारखा." काकूंच्या पंजाखाली, "संधिवात. ताकद सकाळी कमी." उमेदवाराच्या खाली, "मऊ." आणि माझं पान निघालं. मी चष्मा सारखा केला. "हाताला घाम फार. घाबरतो. फार उपयोगी."

बायको हसली. मी रागावलो असतो, पण तो "फार उपयोगी" मधे आला. इतक्या वर्षांत सासरी माझ्याबद्दल एवढं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

"पहिलं पान," नाना म्हणाले.

पहिल्या पानावर पंजा नव्हता. खाली नानांच्या तरुणपणच्या अक्षरात नाव होतं, नामदेव, आणि गाव, पिंपळनेर. वर कॅलेंडरचं पिवळं पडलेलं कोरं पान.

नानांनी सांगितलं, नामदेव त्यांच्याच तुकडीत गाडी चालवायचा. अंगाने किरकोळ, हात केतकीएवढे. नानांनी पास केलेलं ते पिस्तूल त्याच्या कमरेला आलं, तेव्हा त्याने नानांना एकदा सांगितलं होतं, याच्या सेफ्टीच्या खटक्यापर्यंत माझा अंगठा पोचत नाही, दर वेळी पकड बदलावी लागते. नाना हसले होते. खान्देशातला माणूस दुसऱ्या खान्देशी माणसाला परमुलखात जे म्हणेल तेच म्हणाले होते, शेवभाजी खा, हात वाढतील. सगळ्यांना ते फार आवडलं. नामदेवही हसला होता.

"मग एकदा गरज पडली," नाना म्हणाले. "पिस्तूल अडकलं नाही. त्याने फक्त पकड बदलली. तेवढा वेळ लागला. तो परत आला नाही, त्याचा हात मोजायचा राहिला."

आत काकूंची भांडी वाजत होती, ती थांबली. काकूंना हे आधीच ठाऊक होतं, का त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या, ते मला कळलं नाही.

"चाचणी आम्ही सगळ्यांनी घेतली होती," नाना पुढे म्हणाले, "आणि आम्ही सगळे धिप्पाड होतो. म्हणून सांगतो. पिस्तूल तिथल्या सगळ्यात चांगल्या नेमबाजाच्या हातात देऊन बघू नकोस. सगळ्यात लहान हाताच्या माणसाला दे. त्याला आधी पळव, दमू दे. ज्याच्या हाताला घाम येतो त्याला दे. जो घाबरतो त्याला दे." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण चेष्टेने नाही. "आणि कोणी म्हणालं, अंगठा पोचत नाही, तर हसू नकोस. लिही."

केतकीने मान हलवली. मग तिने स्वतःहून टीपॉय ओढला, एक कोरं पान घेतलं आणि पंजा पसरला. ती लहान असल्यापासून दर आखाजीला नाना तिचा पंजा काढत आले होते. लहानाची मोठी होत गेलेली केतकी त्या वहीत पानापानावर होती. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं कौतुक. यंदाही नानांनी पंजा नेहमीसारखाच काढला. अंगठ्याची खूण मात्र दोनदा तपासली.

आम्ही निघताना नानांनी वहीच तिच्या बॅगेवर ठेवली. मला उगाचच व्यवस्थितपणा सुचला. म्हटलं, नाना, ते पहिलं पान तेवढं काढून तुमच्याजवळ ठेवू का? कोरंच आहे, तिथे त्याचा काय उपयोग?

नानांनी बॅगेची चेन ओढून पाहिली. उघडली, बंद केली, पुन्हा उघडून बंद केली. मग अहिराणीत, माझ्याशी नाही, केतकीशी बोलले.

"ऱ्हाऊ दे, माय. कोनीतरी इचारी, हाई पान कोरं का बरं शे? तवय सांगजो."