कलता शिक्का

परबकाकांचा शिक्का सरळ उमटलेला मी कधी पाहिला नाही.

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या जपानी कंपनीत प्रत्येकाला नावाचा छोटा गोल शिक्का मिळतो. रजा घ्या नाहीतर पेन मागवा, फॉर्मवर तीन चौकोन असतात. डावीकडे साहेब, मधे अ‍ॅडमिनचे परबकाका, उजवीकडे आपण. काका आपला शिक्का डावीकडे कलता मारतात. साहेबांपुढे मान झुकवल्यासारखा. जपानात काही ऑफिसांत अशी पद्धत आहे म्हणे. आमचे साहेब खुद्द तिकडचे, पण ते विसरले होते. काकांनी आठवण करून दिली.

"सायबाकडे कलतो मारूचो, गो," पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं. "नमस्कार केल्यासारखो."

"काका, माझे वडील मार्केट यार्डात पोती वाहून वाकले. घराण्यातली पहिली पदवी माझी. मी नाही वाकणार."

आणि मी शिक्का सरळ मारला. मारला म्हणजे आपटला.

काका मालवणकडचे. अजमानला एका खोलीत एकटे राहतात. बावीस वर्षं तीच खुर्ची. तेवढ्यात सात साहेब आले नि गेले, सातही जणांचे निरोपाचे केक काकांनीच मागवले. बाकी माणूस आमच्याकडे वर्षभर टिकला तर खूप. कुणी राजीनामा आणला की काका लालबुंद. "पॅसेंजर सगळे!" मग आवाज उतरवून, "रव गो जरा." मल्याळी असला तर, "थोडा रुको, हबीबी."

"कशासाठी रुको, काका?"

"कंपनी म्हणजे घर."

"घरात उठायला परवानगी लागते का?" कारण साहेब उठल्याशिवाय आमच्याकडे कुणी खुर्ची सोडत नाही. सहाला काम संपतं, आठपर्यंत सगळे एक्सेलच्या रिकाम्या शीट्स वरखाली करत बसतात. संताप येतो मला.

मागच्या वर्षी हेड ऑफिसला प्रश्न पडला, दुबईत माणसं टिकत का नाहीत? समाधानाचा निनावी फॉर्म आला. मी पाचपैकी दोन गुण दिले, खाली हे रिकाम्या शीट्सचं सगळं खरंखरं लिहिलं आणि काकांच्या ट्रेमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अतिशय नम्रपणे कोरा फॉर्म पुढे सरकवला. "तुमचं समाधान दोन आहे. टीमसाठी आपण ते चार करू या."

टेबलावर माझा जुना फॉर्म होता. खाली माझा शिक्का. आणि कलता!

मी तरातरा काकांकडे गेले. "फॉर्म निनावी होता ना?"

"निनावी म्हणजे नाव लिवचा नाय. शिक्को नको? नायतर फाइल कसो करतलंय?"

"माझ्या ड्रॉवरमधून माझा शिक्का काढलात तुम्ही! वर मला वाकवलंत!"

"तुझा वायट होऊ नये म्हणान," ते पुटपुटले.

मी जागच्या जागी राजीनाम्याचा फॉर्म भरला, माझ्या चौकोनात सरळ शिक्का मारला आणि त्यांच्या शिक्क्यासाठी त्यांच्यापुढे टाकला.

पहिला दिवस: "शाई सुकली हा." दुसरा दिवस: "नवीन शाई बर-दुबईच्या बाजारात मिळता, उद्या बघूया." तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "मीच शोधते!" म्हणत मी त्यांचा खालचा खण ओढला. शाईच्या तीन बाटल्या, भरलेल्या. मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो जड लागला म्हणून उघडला.

शिक्के. गेलेल्या सगळ्यांचे. नियम असा की माणूस गेला की त्याच दिवशी काकांनी त्याचा शिक्का पकडीने तोडायचा. रजिस्टरमध्ये 'तोडला' अशी नोंद ते करतातही.

"हे काय, काका?"

"पक्कड बोथट हा." त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, रुमालाने झाकण पुसलं. "आणि परत कोण इलो तर?"

"बावीस वर्षांत आलं का कोणी?"

त्यांनी बाटली उघडली, पॅडवर शाई घातली, शिक्का मारला आणि फॉर्मची घडी घालून माझ्या हातात दिली. "जा. सायब वर आसत."

लिफ्टमध्ये मी घडी उघडली. साहेबांचा चौकोन अजून रिकामा. माझा शिक्का ताठ. मधला काकांचा कलताच होता, पण या वेळी उजवीकडे. माझ्याकडे.

साहेबांनी एका मिनिटात आपला शिक्का मारला. मधे कोण कुठे झुकलंय, बघितलंसुद्धा नाही. त्या मिनिटाला मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.