भाकरीचे डॉक्टर

डॉ. उमरीकर भाकरी आधी ऐकायचे आणि मग खायचे. तुकडा कानाजवळ धरून मोडायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "कालची. दुपारची." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

परभणीच्या शेतकी कॉलेजात ते अन्नशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्या विभागात टंकलेखक होतो, पण टंकलेखन हे माझं जोडकाम. खरं काम चव घेण्याचं. दर आठवड्याला ते आम्हा पाचजणांना ओळीनं बसवून वेगवेगळ्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे द्यायचे. चावा, कोमट पाण्यानं चूळ भरा, नऊपैकी गुण द्या. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "छान आहे."

"छान हे मत झालं, देशमुख. गुण सांगा."

ही सवय कॉलेजापुरती नव्हती. विभागप्रमुखांच्या मुलीच्या लग्नात प्रमुखांनी हात जोडून विचारलं, जेवण कसं झालं? "जिलबी पाच. मठ्ठा सात. वरणाचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल."

खेड्यात गेलो की वेगळीच पंचाईत. डॉक्टर आले म्हटल्यावर लोक मनगट पुढं करत. "अहो, मी माणसांचा नव्हे, भाकरीचा डॉक्टर!" एका म्हाताऱ्यानं लगेच घरातून शिळी भाकर आणली. "मंग हिला काय झालंय, बगा." डॉक्टरांनी ती खरोखर तपासली.

नामांतराच्या दिवसांत एकदा शहर बंद होतं आणि नेमकी त्याच दिवशी तीन दिवसांच्या भाकरीची चाचणी होती. डॉक्टर तुकडे फडक्यात बांधून आमच्या घरी पायी निघाले. चौकात पोलिसानं विचारलं, "गाठोड्यात काय?"

"नमुना क्रमांक चार."

दीड तास बसवून ठेवलं. माझ्या दारात आल्यावर पहिलं वाक्य, "दीड तास शिळी जास्त आहे, तशी नोंद करा."

घरी ते एकटेच असत. लग्न का केलं नाही, हे त्यांना आम्ही कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्यालाच गुण मिळाले असते.

त्यांचं मोठं काम म्हणजे लहान लेकरांसाठी केलेलं पीठ. ज्वारी आणि मूग भिजवून मोड आणायचे, वाळवून मोड झाडायचे, भाजून दळायचं. ते पाण्यात शिजवलं की लेकराला पचेल अशी पातळ आंबील होई. दिवाळीनंतर राणीसावरगावकडची माणसं ऊसतोडीला निघाली, तेव्हा डॉक्टरांनी लेकुरवाळ्या बायांना पिठाच्या पिशव्या दिल्या. पाडव्याच्या सुमारास त्या परतल्यावर आम्ही चौकशीला गेलो.

बहुतेकींनी मान हलवली, चांगलं होतं म्हणाल्या आणि विषय बदलला. गयाबाई नावाची एक बाई मात्र सरळ बोलली.

"सायेब, पीठ लय चांगलं. पण आमी अंधारातच फडात जाताव. चूल एकदा पेटती, ती रातच्याला. तुमची आंबील दिसातून तीनदा शिजवावी कोणी?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांच्या कामात हा प्रश्न कुठंच नव्हता.

"मग फेकून दिलं?"

"फेकू कामून? गुळात लाडू वळले की. पदराला बांधायचे, बांधावर कुस्करून चारायचे." तिच्या मांडीवरचं लेकरू गुटगुटीत होतं.

डॉक्टर तिथंच जमिनीवर बसले. गूळ किती, पाणी किती, लाडू किती दिवस टिकतो, सगळं लिहून घेतलं. पुढं वर्षभर प्रयोगशाळेत लाडूच चालले. शोधनिबंध तयार झाला आणि मला टाइप करायला दिला. लेखक दोन: उमरीकर, आणि खाली गयाबाई.

प्रमुखांनी मला आणि त्यांना दोघांनाही बोलावलं. "ही कोण? शिक्षण काय हिचं?"

"शाळेत गेली नाही. अर्धं काम तिचं आहे."

"नाव काढा. छापून आलं की तुमची बढती होईल."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग राहू द्या." निबंध छापला गेला नाही. बढतीही आली नाही. 

पुढच्या पाडव्याला ते मला पुन्हा राणीसावरगावला घेऊन गेले. गयाबाईच्या ओट्यावर बसून पिशवीतून कागद काढले. मी टाइप केलेला निबंध इंग्रजीत होता. हे कागद मराठीत होते, खाडाखोड केलेले, त्यांनी स्वतः एका बोटानं ठोकलेले. निबंध त्यांनी तिला पहिल्यापासून वाचून दाखवला, तक्त्यांसकट. ती पदर सावरून ऐकत होती.

"ह्यात माजं नाव कुठं हाय?"

डॉक्टरांनी बोट ठेवलं.

"आन तुमचं?"

बोट एक ओळ खाली सरकलं.

गयाबाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुन्यांदा वाचा."

उमरीकरांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, उगीचच दोनदा पुसला, आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.